पुणे विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांसाठी : माझी सहा वर्षं

आमच्या घरी, दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर माझी बी.ए.ची पदवी लावलेली आहे. अण्णांनी संगमनेरला जाऊन ती काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणली होती. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असं लिहिलेलं आहे. फ्रेम लावली त्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे पुण्यात शिकलीस का गं तू?” मी नाही म्हटलं. तालुक्याच्या कॉलेजला एस.टी.ने जाऊन-येऊन तीन वर्षं काढली होती. विद्यापीठाची विद्यार्थिनी होते, पीआरएन नंबर होता, हॉलतिकिटावर विद्यापीठाचा शिक्का होता. पण विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

२०१९ च्या जुलैत एम.ए. इतिहासासाठी मी पहिल्यांदा पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकलं. एम.ए. झालं, नेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली, आता पीएच.डी. चालू आहे. दर वर्षी जून-जुलैत आमच्या भागातल्या कुणा ना कुणाचा फोन येतो : ताई, प्रवेश घ्यायचाय, काय काय लागेल, कुठे राहायचं, कसं असतं तिथे? प्रत्येकाला तेच तेच सांगते आणि प्रत्येक वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी ‘विद्यापीठ’ या शब्दाचा घोळ सोडवू, कारण निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. विद्यापीठ म्हणजे एक मोठं कॉलेज नव्हे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं विद्यापीठाला संलग्न आहेत. पदवीचं शिक्षण बहुतेक तिथेच होतं. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, वर्ग मात्र कॉलेजात. गणेशखिंडीत असतात ते विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, म्हणजे आपण ज्यांना डिपार्टमेंट म्हणतो ते. तिथे मुख्यतः एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. असं पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालतं. तेव्हा कुणी “पुणे विद्यापीठात एम.ए. करायचंय” म्हणालं, की मी आधी विचारते : डिपार्टमेंटला, की विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात? दोन्हीकडची पदवी एकाच नावाची, पण अर्ज वेगळा, प्रवेश परीक्षेच्या तारखा वेगळ्या, वसतिगृहाचे नियम वेगळे. माझ्या वर्गातली एक मुलगी कॉलेजचा फॉर्म भरून डिपार्टमेंटच्या गुणवत्ता यादीत नाव शोधत बसली होती. तिचं एक वर्ष गेलं.

आता जिल्ह्यांचा मुद्दा. हा इतिहास वाटेल, पण तुमच्या कागदपत्रांशी त्याचा थेट संबंध आहे. विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झालं. त्याआधी पुण्यात फर्ग्युसन होतं, डेक्कन कॉलेज होतं, एस.पी. होतं, पण पदवी मिळायची ती मुंबई विद्यापीठाची. मुंबईचं विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला त्यानंतर ९२ वर्षं लागली. सुरुवातीला १८ कॉलेजं आणि आठ हजारांवर विद्यार्थी होते. क्षेत्र मात्र अफाट, मुंबई प्रांतातले बारा जिल्हे. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. पुण्याकडे पाच उरले : पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, धुळे आणि जळगाव गेले, तीन उरले. सोलापूरचं तर आणखी पुढे गेलं : आधी पुण्याकडे, मग कोल्हापूरकडे आणि २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ.

याचा तुमच्याशी संबंध असा, की नगर, नाशिक किंवा पुणे जिल्ह्यातल्या संलग्न कॉलेजातून पदवी घेतली असेल, तर तुम्ही याच विद्यापीठाचे. कॉलेजचा दाखला घ्या आणि या. सोलापूर, जळगाव, कोल्हापूर, संभाजीनगर, कुठूनही दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल, तर तुम्हाला तिथलं मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचं प्रमाणपत्र, लागणार आणि इथे एलिजिबिलिटीचा, म्हणजे पात्रतेचा, अर्ज भरावा लागणार. माझी रूममेट सोलापूरची. तिच्या आजोबांची पदवी पुणे विद्यापीठाची होती. त्याच घरातल्या नातीला पुण्यात यायला मायग्रेशन काढावं लागलं.

मायग्रेशन निकाल लागल्याबरोबर काढायला टाका, प्रवेशाची यादी लागेपर्यंत थांबू नका. नावाचं स्पेलिंग दहावी, बारावी, पदवी आणि आधारवर एकच आहे ना, ते आजच तपासा. माझ्या कॉलेजच्या दाखल्यावर आईचं नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या, आणि दर फेरीला क्लार्क साहेब नेमके जेवायला गेलेले असायचे. मूळ दाखला देण्याआधी त्याच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये एक स्कॅन ठेवा. राखीव प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर हातात ठेवूनच निघावं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. हे सगळं प्लास्टिकच्या एका फाइलमध्ये, कारण प्रवेश ऐन पावसाळ्यात असतात आणि विभागांमधली अंतरं लांब आहेत.

अंतराचं खरंच सांगते. आवार ४११ एकरांचं आहे. पहिल्या दिवशी मी मुख्य गेटला उतरून डिपार्टमेंट शोधत निघाले आणि अर्ध्या तासाने पाहिलं तर वडाच्या पारंब्यांखालून पुन्हा त्याच रस्त्याला लागलेली. तेव्हा विद्यापीठ चौकात जुना उड्डाणपूल होता. २०२० मध्ये तो पाडला आणि आता त्या जागी दुमजली पूल आहे, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या खुणा चौकात तरी सापडणार नाहीत. आतल्या खुणा मात्र टिकून आहेत. ‘मेन बिल्डिंग’ म्हणजे मुख्य इमारत, ‘जयकर’ म्हणजे ग्रंथालय, ‘अनिकेत’ म्हणजे कँटीन, ‘रिफेक्टरी’ म्हणजे मेस. ही चार नावं पाठ झाली की कुणालाही पत्ता विचारता येतो.

मुख्य इमारतीबद्दल मात्र मी घाईने पुढे जाणार नाही.

काळ्या दगडाची, कमानींची, मधोमध उंच मनोरा असलेली ही इमारत विद्यापीठासाठी बांधलेलीच नाही. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला मुक्काम पुण्यात असायचा. आधी तो दापोडीच्या बंगल्यात असे. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले, तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सरकारच्या हातात पैसा खेळत होता. त्या दिवसांत, १८६४ च्या सुमारास, गणेशखिंडीत नव्या गव्हर्न्मेंट हाउसचं काम सुरू झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा. कापसाचा भाव पडला तरी काम चालू राहिलं, आणि खर्चावरून पार इंग्लंडपर्यंत टीका झाली. जागा तशी आधीपासून इतिहासातली : ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्याच बाजूने इंग्रजांवर चालून गेली होती.

आणि मग १८९७. माझ्या पीएच.डी.चा विषय त्या वर्षातल्या पुण्याच्या प्लेगचा आहे, म्हणून मला हे वर्ष रोज भेटतं. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड, घरोघर शिरणारे सोल्जर, रस्त्यावर काढलेलं सामान. २२ जूनला राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा याच गव्हर्न्मेंट हाउसमध्ये झाला. दिव्यांची रोषणाई, मेजवानी. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या बग्ग्या गणेशखिंड रस्त्याने परत निघाल्या. “गोंद्या आला रे आला” ही खुणेची आरोळी उठली, दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि बाळकृष्ण चापेकरांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यावर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

ही गोष्ट आपण शाळेत शिकलेलो असतो. मला शाळेत कुणी जोडून दाखवलं नव्हतं ते पुढचं. त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या, त्यांची सेवा करत होत्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. म्हणजे शहरात माणसं मरत होती, सावित्रीबाई जाऊन साडेतीन महिने झाले होते आणि या इमारतीत राणीच्या नावाने मेजवानी झडत होती. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. आज त्यांचा पुतळा मुख्य इमारतीच्या आवारात आहे. मी कुणालाही पहिल्यांदा विद्यापीठ दाखवायला नेते तेव्हा आधी पुतळ्यापाशी थांबते, मग इमारतीकडे वळते. मला तोच क्रम बरोबर वाटतो.

मागच्या वर्षी अण्णा आले होते. सकाळी सातची वेळ, रात्रभर पाऊस पडून गेलेला, दगड ओले काळेभोर झालेले. समोरच्या झाडावर राखी धनेशाची जोडी होती, लांब चोचीची. अण्णा आधी तेच बघत राहिले. मग इमारतीकडे पाहून म्हणाले, “एवढं सगळं एका माणसाला राहायला?” मी म्हटलं, वर्षातले चार महिने. ते काही बोलले नाहीत. चपला काढून पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मला म्हणाले, “चल, तुझी लायब्ररी दाखव.”

ही इमारत विद्यापीठाला मिळाली ती बाळासाहेब खेरांमुळे. ते तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते आणि गव्हर्नरचं निवासस्थान विद्यापीठाला द्यावं यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी बोलणी करायला तेजबहादूर सप्रूंबरोबर गेलेले ते हेच जयकर. पुढे रँग्लर परांजपे, दत्तो वामन पोतदार अशी माणसं त्या खुर्चीवर बसली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पोतदारांचं नाव कुलगुरूंच्या यादीत पाहून बरं वाटतं.

जयकर ग्रंथालयाबद्दल दोन प्रकारच्या मुलांना दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत. जयकरचा परिसर आणि अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या असतात, आणि बरीच मुलं एमपीएससी-यूपीएससी करणारी असतात. डिपार्टमेंटला प्रवेश घेऊन खरा वेळ स्पर्धा परीक्षेला देणारे माझ्याही वर्गात होते. त्यांच्या परिस्थितीला मी नावं ठेवणार नाही. गावाकडे शेतीचं काय चाललंय ते मलाही माहीत आहे. पण एम.ए.ची दोन वर्षं हातची जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. परीक्षा निघत नाही आणि विषयही पक्का होत नाही. स्पर्धा परीक्षा करायची असेल तर स्वतःला तारीख घालून द्या, आणि तोपर्यंतही विषयाचा एक तरी पेपर जीव लावून शिका. ज्यांना विषयच शिकायचाय त्यांनी अभ्यासिकेत स्वतःची पुस्तकं घेऊन न बसता कपाटांकडे जावं. मला पहिल्या सत्रात हे कळलंच नव्हतं. नोट्स घेऊन बसायचे, नोट्स घेऊन उठायचे. एकदा एका ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, “इतिहासाची ना तू? मग गॅझेटिअर पाहिलंस का?” त्यांनी पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, काढून दिलं. पानं पिवळी, कडा तुटलेल्या, हाताला जुन्या कागदाचा वास राहिला. त्यात गणेशखिंड होती, आणि मी दोन तास जागची हलले नाही. ग्रंथपालांना प्रश्न विचारा. आपल्याकडची मुलं काउंटरला विचारायला लाजतात, आणि इंग्रजीतून विचारावं लागेल म्हणून तर फारच. मराठीत विचारा. कुणी हसत नाही.

भाषेचं तेवढंच इथे बोलून घेते. मराठीत पदवी घेतलेल्यांना पहिले दोन महिने जड जातात. वाचायला दिलेले लेख बहुतेक इंग्रजीत असतात. आमच्याकडे मराठीतून पेपर लिहिता यायचा, पण वाचन टळत नव्हतं. मी रोज एका लेखाची चारच पानं वाचायचे, समासात मराठीत सार लिहायचे आणि रूममेटला तोंडी सांगायचे. दिवाळीपर्यंत चारची दहा पानं झाली. याच्यापेक्षा वेगळी युक्ती मला सापडलेली नाही.

राहण्या-खाण्याचं थोडक्यात. वसतिगृहाच्या जागा कमी आणि अर्ज खूप. गुणवत्ता आणि प्रवर्गाप्रमाणे यादी लागते. पहिल्या यादीत नाव नसेल तर खचू नका, पुढे जागा सुटतात. तोवर औंध, खडकी, शिवाजीनगर या बाजूंना कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, जागा मिळते. तिथे डिपॉझिट देण्याआधी पाणी किती वाजता येतं ते विचारा. वसतिगृहात नंबर न लागलेल्या मित्राला आपल्या खोलीत ठेवून घेतात, त्याला इथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. माया म्हणून लोक करतात, पण पकडलं गेलं तर दोघांचं नुकसान होतं.

पैशाची ओढाताण असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेचा अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा. योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. रोज ठरावीक तास काम आणि तासावर मानधन; ग्रंथालय, विभागाचं कार्यालय, बागकाम, जिथे गरज असेल तिथे. मीही केलं. पुस्तकांवर क्रमांकाची लेबलं लावायचं काम होतं, आणि त्या निमित्ताने इतिहासाच्या कपाटातलं जवळपास प्रत्येक पुस्तक हाताखालून गेलं. नंतर संशोधनाचा विषय शोधायला बसले तेव्हा कुठलं पुस्तक कुठल्या रांगेत आहे, ते डोळ्यांसमोर होतं. विद्यापीठाचं बोधवाक्य आहे ‘यः क्रियावान् स पण्डितः’. महाभारतातल्या यक्षप्रश्नांतलं वचन आहे : नुसतं वाचणारे, शिकवणारे, शास्त्रांचा विचार करणारे पुष्कळ, पण जो करतो तो पंडित. लेबलं लावताना मला ते रोज आठवायचं.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वेळेत अर्ज करा. पीएच.डी.ला बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आणि नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर उत्तमच. मात्र कुठल्याही फेलोशिपचा पहिला हप्ता हातात पडेपर्यंत वेळ जातो, हे धरून चार-सहा महिन्यांची सोय आधी करून ठेवा. उसने घ्यायची वेळ आली की अभ्यासातून मन उडतं.

आता आवारातच असलेल्या, पण विद्यापीठाच्या नसलेल्या संस्था. नव्या मुलांना हे उशिरा कळतं आणि वाईट वाटतं, म्हणून पहिल्या महिन्यातच पाहून घ्या. आयुका १९८८ ची, जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलविज्ञानाची संस्था. इमारत चार्ल्स कोरियांची. तिच्या मधल्या ‘कुंडा’त पायऱ्यांवर आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे सगळ्यांना प्रवेश असतो आणि लहान मुलांची जत्राच भरते. शाळेच्या मुलांसाठीची तिथली विज्ञान शोधिका ज्या इमारतीत आहे तिचं नाव ‘पुलस्त्य’, ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली. नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले. मी इतिहासाची विद्यार्थिनी, पण त्या दिवशी आमच्या डिपार्टमेंटमध्येही दिवसभर दुसरा विषय नव्हता. जवळच एनसीआरए, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र, गोविंद स्वरूप यांचं. नारायणगावजवळ खोडदला ज्या ४५ मीटर व्यासाच्या तीस महाकाय तबकड्या आहेत, त्यांचं काम इथून चालतं. नाशिक रस्त्याने येणाऱ्यांना त्यांच्याबद्दल कुतूहल असतंच. सी-डॅक ही संगणक-संशोधनाची सरकारी संस्थाही याच आवारात वाढली. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक त्यांनी केला. पेशींवर संशोधन करणारं एनसीसीएसही इथेच. विज्ञानाच्या मुलांनी या संस्थांच्या व्याख्यानांवर लक्ष ठेवावं. बरीचशी खुली असतात, आणि प्रकल्पासाठी मार्गदर्शक तिथेच भेटतात.

गणेशखिंडीबाहेर फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाची. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी अशा परकीय भाषा शिकवणारा विद्यापीठाचा विभाग तिथे आहे. एम.ए. करताना जोडीने एका भाषेचं प्रमाणपत्र घेणं सहज शक्य आहे. मी ते केलं नाही आणि आज प्लेगवरचं जर्मन साहित्य दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागतं. नाशिक आणि अहिल्यानगरलाही विद्यापीठाची उपकेंद्रं आहेत. काही कामं तिथे होतात, म्हणून पुण्याची एस.टी. धरण्याआधी एक फोन करून पाहा.

२०२० च्या मार्चमध्ये वसतिगृहं रिकामी करायला सांगितली तेव्हा मी दोन पिशव्या घेऊन गावी गेले आणि एम.ए.चं उरलेलं सगळं मोबाइलवर झालं. गावाच्या टेकडीवर रेंज यायची, तिथे बसून लेक्चर ऐकायचे. साथीचा इतिहास शिकावा असं मला तिथे बसूनच वाटलं. विषय असा आपल्या जगण्यातून आला तर पीएच.डी.ची लांबण सोसते. गाइड निवडताना नावाचा दबदबा पाहू नका. त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना जाऊन विचारा, तुम्ही लिहिलेलं सरांनी किती दिवसांत वाचून परत दिलं. कोर्सवर्क, सहा-सहा महिन्यांचे प्रगती अहवाल, शेवटी प्री-सबमिशन, या सगळ्याच्या तारखा स्वतःच्या वहीत ठेवा.

इतिहासाला येणाऱ्यांनी मोडी लिपी पहिल्याच वर्षी शिकावी. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. मोडी येत नसेल तर या दोन्ही ठिकाणी दारापर्यंतच जाऊन परत यावं लागतं. तिसरी जागा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर.

भांडारकरला मी वर्षभर जात होते. विद्यापीठातून पीएमपीच्या बसने यायचं, लॉ कॉलेज रस्त्याला उतरायचं, डबा झाडाखाली खायचा आणि पुन्हा आत वाचत बसायचं. आवारात एक जुनं अतिथिगृह आहे, निजाम गेस्ट हाउस. हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून बांधलेलं. मी त्याच्यासमोरून कितीदा गेले असेन. एक दिवस जयकरमध्ये विद्यापीठाच्या स्थापनेबद्दल वाचताना कळलं, की १९४९ मध्ये विद्यापीठाचं कामकाज सुरू झालं ते गणेशखिंडीत नव्हे, तर या निजाम गेस्ट हाउसमध्ये. गव्हर्नरचा वाडा ताब्यात येईपर्यंत जयकरांचं विद्यापीठ तिथल्या उसन्या जागेत होतं, आणि त्याच आवारात तेव्हा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं होतं. १ जून १९४९ ला सगळं गणेशखिंडीत आलं.

दुसऱ्या दिवशी भांडारकरला गेले, तेव्हा आधी त्या गेस्ट हाउससमोर जाऊन उभी राहिले. फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. खाली लिहिलं, आपल्या भिंतीवरच्या फ्रेममधलं विद्यापीठ इथे सुरू झालं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी तो फोटो संगमनेरला नेऊन मोठा करून आणला होता, आणि फ्रेमच्या शेजारी खिळा ठोकायला भिंतीत जागा कुठे आहे, हे आईला विचारत होते.